दारव्ह्याहून पूर्वेकडे, बंडाच्या वाटेने

दारव्हा मोतीबाग या लहानशा स्टेशनावरून जी नॅरोगेज गाडी धावत असे, तिला सारे वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणून ओळखते. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर असा ११३ किलोमीटरचा हा मार्ग घातला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या रुळांपर्यंत, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचावा, हा त्यामागचा हेतू होता. मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत राहिले. कापूस पिकवणाऱ्याला या मार्गाने काय मिळाले, याचा हिशेब वऱ्हाडात अजून मांडला जातो. दारव्ह्याहून पूर्वेला यवतमाळ, वणी, चंद्रपूर, गडचिरोली करीत भामरागडच्या डोंगरांपर्यंत साडेतीनशेहून अधिक किलोमीटर जाताना हा हिशेब सोबत ठेवावा. वाट कोणाच्या मालासाठी निघाली आणि माल कोणाचा होता, हा प्रश्न त्या सगळ्या रस्त्यावर भेटत राहतो. रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात पंचेचाळीस वर्षे नक्षल्यांचे जे सशस्त्र बंड चालले, तेही याच प्रश्नाशी येऊन थांबते.

त्या बंडाविषयी मैदानी विदर्भात दोन समज घट्ट आहेत. एक असा की डोंगरातल्या आदिवासींना देशापासून फुटून निघायचे होते. दुसरा असा की तिथे मुळात काही दुखणेच नव्हते, सगळे बाहेरून आणले गेले. माझ्या मते दोन्ही समज चुकीचे आहेत. फुटीर बंड कसे असते हे ईशान्येकडे दिसले आहे. नागांच्या नॅशनल कौन्सिलने १४ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. मिझो नॅशनल फ्रंटने १ मार्च १९६६ रोजी तेच केले आणि १९८६ चा करार होईपर्यंत वीस वर्षे लढा चालवला. गोंड, माडिया, कोलाम यांच्या दीडशे वर्षांच्या लढ्यांत वेगळ्या राष्ट्राची मागणी सापडत नाही. पुन्हा पुन्हा समोर येते ती एकच मागणी: गावाच्या शिवेतल्या जंगलाचा कारभार गावाकडे असावा. ज्या ज्या वेळी हा दावा कागदावर मान्य झाला, त्या त्या वेळी बंडाची हवा गेली, आणि नाकारला गेला तेव्हा कोणीतरी बंदूक घेऊन आले. वाटेवरच्या गावांचा इतिहास याला साक्ष आहे.

यवतमाळ मागे टाकून पांढरकवड्याकडे वळले की सागाची विरळ राने आणि कपाशीची शेते यांच्या मधून कोलामांचे पोड दिसू लागतात. पोड म्हणजे मुख्य गावापासून दूर, माळाच्या कडेला वसलेली वीस-तीस घरांची वस्ती. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या जमाती तीनच: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. दारव्ह्याच्या माणसाला आदिवासींचा प्रश्न दूर गडचिरोलीत आहे असे वाटते, पण तो त्याच्याच जिल्ह्यात सुरू होतो. कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्राविड कुळातल्या भाषा. यवतमाळच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे पूर्वी निजामाचे राज्य होते, आणि तिथल्या आसिफाबादच्या डोंगरात कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याने बंड केले. निजामाच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या आणि त्या सीमांत आलेली गोंड-कोलामांची शेते, झोपड्या उठवल्या. जोडेघाटच्या आसपासच्या बारा गावांचा कारभार आमच्याकडे असू द्या, ही भीमची मागणी आजही त्या भागात सांगितली जाते. १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात तो जोडेघाटला मारला गेला. पुढे जे घडले ते त्याहून बोलके आहे. बंड का झाले हे समजून घ्यायला निजाम सरकारने फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. गोंडांच्या जमिनी आणि जंगलातली वहिवाट हिरावली गेली हे त्याने दाखवून दिल्यावर सरकारने जमिनींचे पट्टे वाटले, आणि मारलावाईला गोंडीतून शिकवणाऱ्या शिक्षकांचे केंद्र उघडले. संस्थानी सत्तेलासुद्धा कळले होते की इथे फौजेपेक्षा पट्टा जास्त काम करतो.

वणीच्या अलीकडे-पलीकडे जमिनीचा रंग बदलतो. कोळशाचे ढीग, त्यावरून उडणारी काळी धूळ, आणि वर्धा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी. याच तालुक्यातल्या राजूरला मिलिंद तेलतुंबडे जन्मला. खाण कामगारांच्या चळवळीतून तो नक्षल्यांच्या माओवादी पक्षात गेला आणि त्याच्या केंद्रीय समितीपर्यंत चढला. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो इतर पंचवीसेक जणांबरोबर मारला गेला. इथे पहिला आक्षेप येतो. बंडाचे म्होरके जर वणीच्या कोळसापट्ट्यातले, तेलंगणातले, शहरातले होते, तर ते आदिवासींचे बंड कसे? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच म्होरके आणि शिपाई वेगळे करून पाहावे लागतात. म्होरक्यांना राज्यसत्ता हवी होती, तसे त्यांनी आपल्या कार्यक्रमात लिहून ठेवले आहे. दलममध्ये, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीत, भरती झालेल्या माडिया पोरा-पोरींना तो कार्यक्रम नव्हे, तर गार्ड, ठेकेदार आणि पटवारी ठाऊक होते. ही दोन बंडे एकमेकांच्या खांद्यावर बसून चालली. कोण कोणाच्या खांद्यावर बसले, ते पुढे पाहू.

चंद्रपूर हे गोंड राजांचे शहर. त्यांनी बांधलेला परकोट आणि त्याच्या वेशी अजून उभ्या आहेत, राणी हिराईने उभारलेली बीरशहाची समाधीही आहे. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरच खालसा केले. त्यानंतर चारच वर्षांत मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके याने जंगोम दल उभे केले आणि मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. घोट-अडपल्लीचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. एप्रिलच्या अखेरीस चिंचगुंडीजवळ त्यांनी हल्ला केला तो तारेच्या छावणीवर, आणि गार्टलँड व हॉल हे दोन तारखात्याचे नोकर मारले. राजवाडा नाही, खजिना नाही, तारेचा मुक्काम. ज्या धाग्याने हे जंगल दूरच्या कचेरीला बांधले जात होते, तो त्यांनी बरोबर ओळखला होता. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने कॅप्टन क्रिचटनने शेडमाकेला पकडले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले. तुरुंगाच्या आवारातला फाशीचा पिंपळ आजही दाखवला जातो आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. हे तर जमीनदारांचे बंड, त्यात साध्या गोंडाचा काय संबंध, असे म्हणता येईल. पण जमीनदारीत रयतेला ‘निस्तार’ होता: घरासाठी लाकूड, सरपण, चराई, मोहफुले यांचा वहिवाटी हक्क. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी तो आवळला. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या रद्द झाल्या तेव्हा जंगल रयतेकडे न जाता वनखात्याकडे गेले. निस्तारपत्रकात नोंदलेले हक्क कागदावर राहिले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मात्र मैलोन् मैल बांबू तोडायची परवानगी मिळाली. गावकऱ्याने कुडासाठी बांबू तोडला तर तो गुन्हा, आणि कारखान्याचा ट्रक पास घेऊन निघाला तर महसूल! ज्याच्या अंगणात हे घडते त्याला कायद्याबद्दल आदर वाटावा कसा?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जेमतेम पावणेअकरा लाख लोक, आणि सुमारे तीन-चतुर्थांश भूभाग वनखात्याच्या दप्तरात. जिल्हा होण्याच्या दोन वर्षे आधीच पीपल्स वॉर ग्रुपची दलमे गोदावरी ओलांडून आली होती. कोंडापल्ली सीतारामय्यांनी एप्रिल १९८० मध्ये स्थापलेल्या या पक्षाला तेलंगणातल्या लढ्यासाठी पिछाडीचा तळ हवा होता, म्हणजे इथल्या माणसासाठी ते मुळात आलेच नव्हते. पहिले दलम घेऊन आलेल्यांपैकी पेद्दी शंकर २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबिनपेठ्याला पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तरीही त्यांचे पाय रुजले, आणि त्याचे कारण तेंदूपत्त्याच्या फळीवर सापडते. उन्हाळ्यात सगळे घर पहाटे रानात जाते, पाने तोडते, दुपारी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधते आणि संध्याकाळी फळीवर मोजून देते. त्या पुडक्याला तेव्हा पैशांत मोजावी अशी मजुरी होती, आणि मोजताना खोट काढून पुडकी बाजूला टाकली जात. नक्षल्यांनी ठेकेदाराला धाक घातला, तेंदूचा आणि बांबूतोडीचा भाव वाढला. हे मान्य केले पाहिजे. बंदुकीने मजुरी वाढवली हे खरे आहे. पण हेही तितकेच खरे की त्यानंतर ठेकेदाराकडून खंडणी दलमकडे जाऊ लागली आणि जंगलाची मालकी होती तिथेच राहिली. शिवाय किंमत फार मोठी पडली. खबऱ्या ठरवून, शाळा-रस्त्याला साथ दिली म्हणून, नुसत्या संशयावरून या जिल्ह्यात पाचशेहून अधिक नागरिक मारले गेले. त्यांतले बहुसंख्य आदिवासीच.

गडचिरोलीहून दोन वाटा फुटतात. पूर्वेची धानोऱ्याकडे जाते आणि तीसेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव लागते. इथला इतिहास नक्षल्यांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १९८०च्या दशकात गोदावरी-इंद्रावतीवरच्या इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध बाबा आमटे आणि राजे लालश्याम शहा यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे केले. त्यातून या गावात विचार सुरू झाला. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात अभ्यासगट चालवला. निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घ्यायचा असे ठरले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा याच गावाची. तिचा पहिला अर्धा भाग लोक सहसा विसरतात. दिल्लीचे सरकार ‘आमचे’ आहे असे म्हणणाऱ्याला फुटीर म्हणणे हा अन्याय आहे.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि मेंढ्याने त्याखाली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक दावा केला. डिसेंबर २००९ मध्ये तो मान्य झाला, देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी एक. ते साल नीट पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला मर्केगावला १५ पोलीस, २१ मे रोजी हत्तीगोट्याला १६, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीला १७ पोलीस नक्षल्यांनी मारले. तीन हल्ल्यांत अठ्ठेचाळीस घरे उजाड झाली. मर्केगाव आणि हत्तीगोटा हे याच धानोरा तालुक्यातले. एकाच तालुक्यात, एकाच वर्षी, एका दुखण्यावर दोन उत्तरे शोधली जात होती. मेंढ्याला हक्क मिळाला तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना, कारण वन कायद्याप्रमाणे बांबू हे झाड होते आणि झाड खात्याचे. वनस्पतीशास्त्र त्याला गवत म्हणते, नवा कायदा गौण वनोपज म्हणतो. वाद इतका ताणला की २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना स्वतः गावात येऊन वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. वीत-दीड विताचे ते पुस्तक. आजवर खात्याच्या टेबलावर असलेले हे पुस्तक आता गावात राहू लागले, आणि बांबूच्या गाडीवर ग्रामसभेची सही चालू लागली. वन कायद्यातल्या झाडांच्या यादीतून बांबूला वगळायला मात्र २०१७ साल उजाडले.

मेंढा अपवाद आहे, सगळीकडे देवाजी तोफा कुठून आणायचे, असे म्हणतात. १९९०च्या सुमारास हे म्हणणे पटले असते. आज जिल्ह्यातल्या हजारावर गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे २०१४ चे राज्य नियम झाल्यापासून अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. त्यात फसवणूक होते, पैसे बुडवणारे ठेकेदार भेटतात, हिशेबाची वही लिहिणारा गावात मिळत नाही, काही ठिकाणी चार पुढारी मिळून ग्रामसभा खिशात घालतात. हे सगळे होते. पण लिलावात फसलेली ग्रामसभा पुढच्या वर्षी अटी बदलते, तक्रार करते, न्यायालयात जाते. तिला बंदुकीची गरज पडत नाही. हा फरक लहान नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर पोरांना गोंडीतून शिकवणारी शाळाही काढली. तीस लाखांच्या आसपास लोक बोलत असलेली ही भाषा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेश, तेव्हाचे मुंबई राज्य, आंध्र, ओरिसात वाटली गेली आणि आठव्या अनुसूचीत आजही नाही.

दक्षिणेची वाट चामोर्शी, आष्टी करीत आलापल्लीला जाते. आष्टी मागे टाकली की सागाचे खरे जंगल लागते. एवढे सरळ आणि उंच साग, की मान वर करून पाहावे लागते. १९५३ पासून राखलेले ‘वनवैभव’ इथेच आहे, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो याच पट्ट्यातला. ही अहेरी जमीनदारीची भूमी. इथल्या राजघराण्यातले विश्वेश्वरराव आत्राम १९७७ मध्ये चंद्रपूरचे खासदार झाले, वेगळ्या विदर्भासाठी लढले. त्यांच्याही आधी, १९६२ मध्ये, याच चांदा मतदारसंघातून लालश्याम शहा लोकसभेत गेले होते. गोंडवाना राज्याची मागणी करणारे हे राजे १९६४ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्यात वसवताना तिथल्या आदिवासीला कोणी विचारले नाही, हे त्यांचे म्हणणे होते. वांशिक अस्मितेची सर्वांत टोकाची मागणी इथे जी झाली, ती हीच: भारतात, संविधानाच्या चौकटीत, आणखी एक राज्य. झारखंड आणि छत्तीसगड २००० मध्ये मिळालेच ना? ती मागणी मान्य करावी की नाही यावर मतभेद असू शकतात, पण ती लोकसभेच्या बाकावरून झाली होती हे विसरता कामा नये.

आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करीत भामरागडला पोचेपर्यंत रस्त्याच्या कडेला दोन तऱ्हेची स्मारके दिसतात. एक माडियांची. मेलेल्या माणसाच्या नावाने उभे केलेले अनघड दगड, कोणी कमरेएवढा, कोणी पुरुषभर, शेवाळाने हिरवे झालेले, एकाही दगडावर अक्षर नाही. दुसरी नक्षल्यांची किंवा त्यांच्या हातून मेलेल्यांची, सिमेंटची, नावे आणि तारखा लिहिलेली. दलममधला पोरगा माडिया आणि १९९० मध्ये उभ्या झालेल्या पोलिसांच्या सी-६० पथकातला जवानही पुष्कळदा माडियाच. दोघांच्या आज्यांसाठी उभे राहिलेले दगड कधी कधी एकाच गावाच्या शिवेवर सापडतील. या बंडाची सगळ्यांत मोठी हानी हीच आहे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की तालुका दिवसचे दिवस तुटतो. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा इथे डॉक्टर नव्हता, रस्ता नव्हता. वांगेतुरी-गर्देवाडा भागात पहिली एसटी पोचली ती १ जानेवारी २०२५ रोजी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी गोदावरी ओलांडून आलेले बंड जवळपास संपले.

बंड संपले म्हणजे प्रश्न संपला, असे मानायला मन धजत नाही, कारण परतीच्या वाटेवर एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. उत्तम प्रतीच्या लोहखनिजाचा हा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचे स्थान. १९३०च्या दशकातल्या निजामाने जे जोडेघाटला केले, ते आपण इथे करतो आहोत का, हे विचारले पाहिजे. सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉईड्स मेटल्सला मिळाला, वनहक्क कायदा अमलात येण्याच्या थोडे आधी. नक्षल्यांनी २०१३ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याचा खून केला, २०१६ मध्ये पंचाहत्तरहून अधिक वाहने जाळली, आणि काम थांबले. २०२१ पासून ते जोरात सुरू आहे. वार्षिक उत्पादनाची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली, कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे. लोखंड देशाला लागते, पोरांना नोकरी लागते, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. एटापल्लीच्या पोराने ट्रक चालवावा की तेंदूची पुडकीच बांधत बसावे, हे ठरवण्याचा अधिकार दूर बसलेल्या लेखकाला नाही. तो अधिकार ग्रामसभेचा आहे, आणि मुद्दा नेमका तिथे आहे. ओडिशातल्या नियमगिरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये बारा ग्रामसभांना विचारा असा आदेश दिला. बाराही ग्रामसभांनी नकार दिला, आणि डोंगर राहिला. तिथे ‘हो’ही म्हणता आले असते. सुरजागडच्या विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, लांब गडचिरोली शहरात.

खाणीजवळच्या हेडरीहून आलापल्लीकडे येताना लाल धुळीने माखलेले ट्रक एकामागून एक भेटतात. रस्त्याकडेची सागाची पाने त्या धुळीने विटकरी झालेली असतात. सुरजागड इलाख्यातल्या सत्तर गावांचे लोक दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला जमतात. रात्री ढोल वाजतात, आणि सकाळी भूमिया, गायता हे गावांचे पारंपरिक पुढारी आणि ग्रामसभांचे प्रतिनिधी झाडाखाली बसून पेसा आणि वनहक्काची कलमे मोठ्याने वाचतात, एकाने मराठीतून वाचायची आणि दुसऱ्याने माडियात समजावायची.